मदत हवी आहे : दोन-अडीच वर्षांच्या मुलांशी बोलायचं कसं?

नमस्कार मंडळी. चार महिन्यांपासून एका पाळणाघरात काम करतेय. माझ्याकडे दीड ते तीन वर्षांची पाच मुलं असतात. स्वतःचं मूल वाढवलंय, जमेल की, असं वाटलं होतं.

गेल्या आठवड्यात खेळाच्या वेळी माझंच बोलणं वीस मिनिटं फोनवर रेकॉर्ड केलं आणि रात्री ऐकलं. (नंतर पुसून टाकलं, मुलांचे आवाज होते त्यात.) लाज वाटली. "पळू नको", "अरे पडशील", "हा रंग कुठला? सांग ना, सांग!" आणि मधल्या वेळात माझी अखंड बडबड. मुलांच्या कानावर जितके शब्द पडतील तितकं चांगलं, असं वाचलं होतं म्हणून बोलत सुटले होते. मुलांचा आवाज मात्र शोधावा लागत होता.

त्यातली एक अडीच वर्षांची आहे. बोट दाखवते, "उं उं" करते, मी वस्तू देते. "बाहुलीचा बूट आण" म्हटलं की बरोबर आणते, पण स्वतःचे शब्द वीस-पंचवीसच. दुसरा एक "गाली पलली" म्हणतो. त्याला सुधारायचं का?

प्रतिसाद १
ताई, ते शब्दमोजणीचं प्रकरण हार्ट आणि रिस्ली या अमेरिकन संशोधकांच्या १९९५च्या पुस्तकातून आलंय. ४२ कुटुंबांच्या निरीक्षणावरून काढलेला अंदाज, त्यावर पुढे बरेच वादही झाले. २०१८मध्ये चार ते सहा वर्षांच्या मुलांचा एक अभ्यास आला. मोठ्यांनी किती शब्द उच्चारले यापेक्षा मोठ्यांच्या आणि मुलाच्या बोलण्याच्या फेऱ्या किती झाल्या, याचा संबंध मेंदूतल्या भाषेच्या भागाशी जास्त दिसला. म्हणजे तुम्ही बोललात की गप्प बसायचं. मनात सातपर्यंत आकडे मोजा. पहिले काही दिवस ते सात आकडे संपता संपत नाहीत, बघाच.

प्रतिसाद २
बालवाडीत बरीच वर्षं काढली, म्हणून सांगते. मराठीत "नको" शेवटी येतं. "पळू नको"मधलं "पळू" आधी कानात शिरतं, तोवर पोरगं दाराशी. "हळू चाल" म्हणा. जवळ जा, खाली बसा, आधी नाव घ्या आणि मग बोला. खोलीच्या टोकावरून मारलेली हाक कुणालाच लागत नाही. "नको" हा शब्द गरम भांडं आणि विजेचं बटण यांच्यासाठी राखून ठेवा, मग त्याला वजन राहतं.

रंगाची परीक्षा घेणं बंद करा. "लाल बूट घालायचा की निळा?" असं विचारलं की नुसती मान हलवून भागत नाही. "गाली पलली"ला "हो, गाडी पडली! धप्पकन पडली!" एवढंच. "असं नाही, असं म्हण" केलं की मुलं तोंड मिटतात.

प्रतिसाद ३
मुलीबद्दल थोडं गंभीरपणे. दोन वर्षांच्या आसपास साधारण पन्नासेक शब्द आणि "आई ये"सारखी दोन शब्दांची जोडी अपेक्षित असते. तिला कळतं ही चांगली खूण, पण तेवढ्यावर थांबू नका. आईवडिलांना निदान सांगू नका, ते आपलं काम नाही. जे दिसलं तेच सांगा आणि कानाची तपासणी व वाचातज्ज्ञाची भेट सुचवा. कानामागे पाणी साचलेलं असतं आणि घरात कुणाच्या लक्षात येत नाही, असंही होतं. म्हणजे कानाच्या पडद्यामागे. त्या मुलांना ऐकू येतं, पण अस्पष्ट.

धागाकर्ती
खूप आभार. तिच्या आईशी उद्या बोलते, लिहूनच काढलंय. आज बूट हातात धरून सातपर्यंत मोजायला बसले. पाचवर आले आणि गालीवाला ओरडला, "बूत!" मुलीने बूट घेतला आणि गेली.

आता ह्याला कसं थांबवू?

प्रतिसाद २
थांबवू नका, त्याला दुसऱ्या कामाला लावा. आणि तिच्याबरोबर रोज पाच मिनिटं एकटीच बसा, कपडे बदलताना वगैरे.