प्रतिसाद: दुप्पट वजावटीच्या मागं लागू नका

दादा, नव्या कास्टिंगच्या (साच्यात धातू ओतून केलेल्या भागाच्या) चाचण्यांवरच्या खर्चाला करसवलत कोण मिळवून देईल, असं विचारलंय तुम्ही. 'दुप्पट वजावट काढून देतो' म्हणणारा भेटला तर चहा पाजून वाटेला लावा. संशोधनावर केलेल्या खर्चाच्या दुप्पट रक्कम उत्पन्नातून वजा व्हायची, ती २०० टक्के वजावट २०१७ मध्ये १५० वर आली आणि एप्रिल २०२० पासून नुसती १००. पण १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम ३५ खाली आपल्याच धंद्याच्या संशोधनाचा खर्च, यंत्रांसकट (जमीन सोडून), त्याच वर्षी पूर्ण वजा होत आलाय.

आमच्या शिरोलीच्या फौंड्रीत पॅटर्न (साचा पाडायचे नमुने), वाया गेलेल्या हीट (भट्टीत एका वेळी वितळवलेला धातू), सगळं एकाच खात्यात घुसडलेलं. सीएनं हात टेकले. आता चाचणीच्या हीटचं रजिस्टर वेगळं, बिलंही वेगळी. एवढं केलंत तर नेहमीचा सीए पुरतो. वाचलेल्या करात टक्का मागणारा मात्र नकोच.