स्पायरोमेट्री नॉर्मल, तरी धाप?
स्पायरोमेट्री (नळीत फुंकून करायची फुप्फुसांची चाचणी) नॉर्मल आली म्हणजे धापेचा वजनाशी संबंध नाही, असं कुणीतरी लिहिलंय. तसं नसतं. अतिस्थूलपणात मुख्य फटका बसतो तो नेहमीचा श्वास सोडल्यावरही छातीत उरणाऱ्या हवेला. पोटातली चरबी श्वासपटल (छाती आणि पोट यांमधला स्नायूचा पडदा) वर ढकलते, फुप्फुसाच्या तळाकडच्या बारीक नळ्या मिटतात; आडवं झालं की जास्तच. फुंकायच्या चाचणीतले ठळक आकडे मात्र बरेचदा ठीक दिसतात. वजन उतरलं की ही राखीव हवाच सर्वांत ठळकपणे वाढते.

पण अतिस्थूलपणामुळे दिवसाही रक्तात कार्बन डायऑक्साइड साचत असेल, तर पाचसहा किलोंनी भागत नाही. अमेरिकन थोरॅसिक सोसायटी या श्वसनविकारतज्ज्ञांच्या संघटनेने अशा रुग्णांना २०१९ मध्ये २५ ते ३० टक्के वजन घटवायला सुचवलंय. नुसत्या डाएटवर एवढं क्वचितच जमतं. तोवर रात्री झोपताना लावायचं श्वासाचं मशीन परस्पर बंद करू नका.