मदत हवी आहे: क्लॉक वाढला की डीएलएल दुप्पट विलंबावर लॉक होतो

8 टप्प्यांचा अ‍ॅनालॉग डीएलएल (डिले-लॉक्ड लूप: डिले लाइनचा विलंब संदर्भ क्लॉकच्या एका आवर्तनाइतका राखणारं सर्किट) आहे. संदर्भ क्लॉक 100 ते 250 मेगाहर्ट्झ, डिले लाइनचा विलंब 3 ते 14 नॅनोसेकंद. विलंब अर्ध्या ते दीड आवर्तनाच्या आत ठेवायचा नेहमीचा नियम इथे पाळता येत नाही, आणि रेंज कमी करायची मुभा नाही.

पॉवर-ऑनला अडचण नाही: विलंब ठरवणारं कंट्रोल व्होल्टेज किमान विलंबावर रीसेट करतो, फेज डिटेक्टरला (दोन क्लॉकच्या कडा ताडून पाहणाऱ्या भागाला) संदर्भाची पहिली कड दाखवत नाही, लॉक बरोबर मिळतो. घोळ होतो तो चालू असताना क्लॉक 100 वरून 250 वर गेला की. विलंब 10 वरून 4 नॅनोसेकंदांवर यायला हवा, तो 8 वरच, म्हणजे दोन आवर्तनांवर अडकतो (खोटा लॉक). क्लॉक बदलल्याची सूचना बाहेरून येत नाही, त्यामुळे रीसेट आतूनच द्यावा लागेल.

संदर्भाच्या चढत्या कडेवर टॅप (डिले लाइनच्या प्रत्येक टप्प्याचे आउटपुट) सॅम्पल करून पाहिले. खोट्या लॉकमध्ये सम टॅपच्या कडा नेमक्या त्याच क्षणी येतात, म्हणून फक्त विषम टॅप घेतले: खऱ्या लॉकला 0011, खोट्याला 0101. छान चाललं होतं, पण ड्यूटी सायकल (आवर्तनात क्लॉक 1 असण्याचा वाटा) 40 ते 60 टक्के हलते आणि टोकाला तिसऱ्या किंवा पाचव्या टॅपला जेमतेम 0.1 नॅनोसेकंद मार्जिन उरतं. दुसरी डिले लाइन पॉवरमध्ये बसत नाही.

ड्यूटी सायकलवर अवलंबून नसलेला, फक्त चढत्या कडांवर चालणारा खोट्या लॉकचा डिटेक्टर कुणी वापरलाय का? की सलग काही आवर्तनांचं बहुमत घेऊन रीसेट दिला तरी पुरेल?