डिसेंबर फ्लोरिडा – फक्त प्लॅनिंग (गुड मॉर्निंग टाकू नये)

१२ ऑक्टोबर

अनघा: सगळ्यांना पुन्हा एकदा हात जोडून विनंती. शीट उघडा आणि आपापली ओळ भरा. एव्हरग्लेड्स पार्कातल्या फ्लेमिंगो कॅम्पग्राउंडला आपल्या आरव्हींसाठी (चाकांवरची घरं) वीज असलेल्या दोन जागा माझ्या कार्डावर धरून ठेवल्यात. उशिरा रद्द केल्या तर पैसे कापतात. आत्तापर्यंत एकाच माणसाने ओळ भरली आहे आणि तो माझा नवरा आहे.

विनय: आणि त्या नवऱ्याने शेवटच्या रकान्यात एक प्रश्न लिहिला आहे. ब्लॅक टँक कोण रिकामी करणार?

नीलेश: अगं अनु, ऑफिसात रिलीज चालू आहे. आज रात्री भरतो, नक्की.

सायली: हे "आज रात्री" गेल्या रविवारपासून चालू आहे. अनघा, मी भरते. आम्ही पाच. आम्ही दोघं, ईशान, आई-बाबा.

विजय: शुभ प्रभात 🌹

अनघा: मामा, ग्रुपचं नाव वाचा ना 🙏

विजय: वाचलं. गुड मॉर्निंग टाकू नये असं लिहिलं आहे. मी शुभ प्रभात टाकलं.

ईशान: आजोबा 1, आत्या 0 😂

सायली: ईशान, अभ्यास.

शंतनू: शीट भरण्याआधी मूळ प्रश्न. फ्लोरिडा ठरवलं कोणी? मी ऑगस्टमध्येच सांगितलं होतं, टेक्सासला या. अरान्सासला हूपिंग क्रेन येतात. १९४१ साली अख्ख्या जगात जेमतेम वीस-एकवीस पक्षी उरले होते. आता तिथे हिवाळ्याला येणारा थवा ५०० च्या वर गेलाय. कॅनडातून उडत येतात. पाच फूट उंच पक्षी! आणि माझ्या घरापासून तीन तास.

नीलेश: "माझ्या घरापासून तीन तास" हे खरं कारण आहे.

शंतनू: तुम्हाला राहायला घर आहे, गाडी आहे, हे लक्षात घ्या म्हणतोय. उपकार करत नाहीये.

अनघा: शंतनू, ऑगस्टमध्ये पोल टाकला होता. तू मत दिलं नाहीस.

शंतनू: पोलमध्ये टेक्सास हा पर्यायच नव्हता!!

विजय: पाच फूट म्हणजे आपला सारस. सारस तर गोंदियाला आहेत. त्यासाठी टेक्सास कशाला?

शोभा: दादा, तू अमेरिकेत एडिसनला बसून गोंदियाला जा म्हणतोस. कमाल आहे.

विजय: शोभे, मी माहिती दिली.

विनय: ब्लॅक टँक?

१३ ऑक्टोबर

शोभा: अनघा, मी येत नाहीये म्हणून बोलू नये असं कोणाला वाटत असेल तरी बोलते. ते एव्हरग्लेड्स म्हणजे मगरींचंच ना? तिथे लहान मूल घेऊन चाकांच्या घरात झोपायचं?

अनघा: आई, मगरी डब्याचं दार वाजवत नाहीत. पंधरा फूट लांब राहायचं, पाण्याच्या काठावर बसायचं नाही, खायला काही टाकायचं नाही. बस. तिथे ॲलिगेटर आणि मगर दोन्ही एकत्र राहतात, जगात दुसरीकडे कुठे नाही. फ्लेमिंगोच्या मरिनात मगरी दिसतात. ॲलिगेटर गोड्या पाण्यात, तोंड रुंद. मगरीचं तोंड निमुळतं, तोंड मिटलं तरी खालचा दात बाहेर दिसतो.

शोभा: दात दिसेपर्यंत जवळ जायचंच कशाला?

विजय: शोभा, आपल्या सांगलीला कृष्णेत मगरी आहेत. लोक त्याच नदीवर कपडे धुतात.

शोभा: आणि दरवर्षी पेपरात काय येतं ते पण सांग.

अनघा: हिवाळ्यात जायचं कारणच ते आहे आई. डिसेंबर ते एप्रिल तिकडे कोरडा मोसम. पाणी आटतं, मग मासे उरलेल्या डबक्यांत गोळा होतात, त्यांच्यामागे पक्षी, पक्ष्यांमागे ॲलिगेटर. उन्हाळ्यात गेलो तर सगळं पसरलेलं, वर डास असे की गाडीचं दार उघडवत नाही. थंडीत ॲलिगेटर ऊन खात काठावर पडून असतात. गार झाले की खाणंही थांबवतात.

शोभा: बरं. तरी छोटीला हात सोडून पाठवू नका.

नीलेश: आत्या, आम्ही छोटीच्या जागी शंतनूला पुढे करू.

शंतनू: हसलो. पुन्हा टाकतो, कारण वर वाहून गेलं. अरान्सास: हूपिंग क्रेन, १९४१ साली जेमतेम वीस-एकवीस, आता ५०० च्या वर. रॉकपोर्टहून बोटी सुटतात. जवळ गूझ आयलंड स्टेट पार्क, आरव्ही लावायला जागा. मगरी (आत्याच्या) कमी.

अनघा: आम्ही वाचलं होतं रे.

सायली: मला एक सांगा. अनघाने त्या दिवशी गिधाडांचं काहीतरी सांगितलं होतं. ती गाडी खातात??

अनघा: खातात म्हणजे रबर ओरबाडतात. वायपर, काचेभोवतीची पट्टी. ॲनहिंगा ट्रेलच्या पार्किंगला काळी गिधाडं बसलेली असतात. पार्कवाले ताडपत्र्या आणि हुकवाल्या इलॅस्टिकच्या दोऱ्या ठेवतात, गाडी झाकायची. फुकट.

सायली: तीस फुटी आरव्हीला कोणती ताडपत्री पुरणार? डिपॉझिट कोणाच्या नावावर आहे?

नीलेश: माझ्या.

सायली: म्हणजे आपल्या.

विजय: आपल्याकडे गिधाडं शोधून सापडत नाहीत. जनावरांना डायक्लोफेनॅक द्यायचे, ते मेलेलं जनावर गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी. २००६ साली जनावरांसाठी ते औषध बंद केलं, तोवर गिधाडं संपत आली होती. आणि इथे वायपर खातात!

शोभा: एखादं गिधाड डिपॉझिटसकट पाठवा इकडे.

विनय: सायली, डिपॉझिट म्हणालीस म्हणून आठवलं. ॲशव्हिलच्या ट्रिपनंतर आरव्ही परत देताना टाकी अर्धवट भरलेली निघाली म्हणून पैसे कापले होते. ते कोणी भरले, हे मी काढत नाही. फक्त विचारतो, या वेळी ब्लॅक टँक कोण रिकामी करणार?

नीलेश: विनय, मी तेव्हा म्हटलं होतं अर्धे देतो.

विनय: हो, म्हटलं होतंस.

(हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे)

शोभा: काय लिहिलं होतं, नीलेश?

नीलेश: टायपो होता, आत्या.

शोभा: विनयराव, तुम्ही मनावर घेऊ नका. मला तर त्या वेळी फोटो पाहूनच कसंतरी झालं. घरचा जावई हातात मोजे घालून पाइप धरून उभा, आणि आमचे दोन्ही भाचे मागे कॉफी पिताहेत.

शंतनू: आत्या, मी कॉफी पीत नव्हतो. फोटो काढत होतो.

१४ ऑक्टोबर

विजय: हा ब्लॅक टँक प्रकार नेमका काय असतो? कोणी नीट सांगेल का?

विनय: मामा, संडासाची टाकी. आरव्हीत तीन टाक्या. स्वच्छ पाण्याची, बेसिन-शॉवरच्या सांडपाण्याची ती ग्रे, आणि ही ब्लॅक. फ्लेमिंगोला वीज मिळेल, पण जागेवर पाण्याची जोडणी नाही आणि सांडपाण्याचीही नाही. म्हणजे टाकी भरली की अख्खी गाडी हलवून डम्प स्टेशनला न्यायची, पाइप लावायचा, आधी ब्लॅक सोडायची, मग ग्रे, म्हणजे पाइप धुतला जातो. पाच माणसं एका गाडीत आणि आपल्या पाण्याच्या सवयी. चार दिवस टाकी टिकणार नाही.

सायली: म्हणजे मी आईंना बाथरूममधला मग नेऊ नको सांगू? तूच सांग, विनय.

विनय: पाणी कमी वापरून चालत नाही, उलट घट्ट बसतं. मग न्या. फक्त मध्ये एकदा जावं लागेल, आणि तेव्हा कोणीतरी जावं लागेल.

नीलेश: कॅम्पग्राउंडला टॉयलेट-शॉवर आहेत. शक्यतो तिकडेच जायचं. प्रश्न मिटला.

विनय: रात्री दोन वाजता तू मामींना घेऊन जाशील?

सायली: 👆

ईशान: आरव्हीतल्या टॉयलेटपेक्षा पायथनवर बोला ना. आम्हाला शाळेत होतं. रकून ९९ टक्के कमी दिसायला लागले पायथनमुळे. लोकांनी घरी पाळले, मोठे झाले की सोडून दिले.

शोभा: अजगर पण आहेत? अनघा!!

अनघा: ईशान, थँक यू हं.

विजय: शोभे, घाबरू नकोस. ते पकडायला २०१७ साली फ्लोरिडाने तमिळनाडूतून साप पकडणारे इरुळा लोक नेले होते. दोन माणसं, हातात लोखंडी सळी, सोबत दुभाषी. तिकडच्या शिकाऱ्यांना दिसत नव्हते ते अजगर यांनी काढून दाखवले. एक तर सोळा फुटी मादी.

शंतनू: काका, अभिमान वाटला. पण मुद्दा बघा. त्या पार्कात शार्क व्हॅली आहे, शार्क नाहीत. फ्लेमिंगो आहे, फ्लेमिंगो नाहीत. अरान्सासला क्रेन सांगितले तर क्रेन असतात.

अनघा: फ्लेमिंगो २०२३ च्या इडालिया वादळात उडून आले होते, नंतरही काही दिसलेत. पण मी फ्लेमिंगोची हमी दिलेलीच नाही. स्पूनबिल बघ, गुलाबीच असतो.

शोभा: फ्लेमिंगोच बघायचे तर भिगवणला या. नाहीतर ठाण्याच्या खाडीवर. तिथे रोहित हजारोंनी येतात, टाकी रिकामी करावी लागत नाही.

शंतनू: आत्या 🔥🔥

विजय: अनघा, तो ॲनहिंगा म्हणजे आपला तिरंदाज का?

अनघा: त्याचाच भाऊबंद, मामा. पिसं पाण्यात भिजतात म्हणून पंख पसरून वाळवत बसतो. एवढ्या जवळून दिसतो की तुमची दुर्बीण पेटीतच राहील. ट्रेल छोटा आहे, सपाट, मामींना सहज जमेल. मला खरं तर तुम्हा दोघांसाठीच हे पार्क हवं होतं. डोंगर नाही, चढ नाही, ऊन कोवळं. म्हणून एवढी मागे लागलेय, कार्ड अडकलंय म्हणून नाही.

अनघा: बरं, कार्डही अडकलंय.

सायली: आई म्हणताहेत, समुद्रगायी कधी बघायच्या?

अनघा: मॅनटी पहिल्या दिवशी. ऑर्लँडोला आरव्ही घेतल्या की ब्लू स्प्रिंग. झऱ्याचं पाणी बारा महिने साधारण २२–२३ अंश. नदी २० अंशांच्या खाली गेली की मॅनटी उबेला झऱ्यात येतात. कडाक्याच्या सकाळी शेकड्यांनी, २०२४ च्या जानेवारीत एका दिवशी ९०० च्या वर मोजल्या होत्या. पण थंडी पडली तरच. आणि सकाळी आठला गेटवर हवं, पार्किंग भरलं की गेट बंद करतात.

नीलेश: सकाळी आठ? आपल्या कुटुंबाने?

सायली: आठ म्हटलं तर नऊला निघतो. आठला गेटवर म्हणजे पाचला उठवावं लागेल. आदल्या रात्रीच पोहे भिजवून ठेवते.

शंतनू: आदल्या रात्री भिजवलेले पोहे. हीच ती ट्रिप.

सायली: शंतनू, तुला जेवायला काय हवं ते शीटमध्ये लिही. तिथे टोमणे मारायला रकाना नाही.

विनय: जेवणावरून. तीस अँपिअरचं कनेक्शन आहे, म्हणजे सगळं मिळून ३,६०० वॅट. हीटर, इन्स्टंट पॉट आणि मायक्रोवेव्ह एकदम लावले की ब्रेकर उडतो. ॲशव्हिलला तीनदा उडाला, तिन्ही वेळा अंधारात बाहेर मीच गेलो. आणि वरणाचं तेलकट भांडं पुसल्याशिवाय सिंकमध्ये धुवायचं नाही, ग्रे टँकला वास धरतो.

सायली: भांडी मी पुसेन. ब्रेकरचं नीलेशला दाखवून ठेव.

विनय: आनंदाने. आणि ब्लॅक टँक?

शंतनू: हे बघ विनय, राग मानू नकोस, पण तुला जमतं. आम्ही केलं तर सांडेल.

विनय: मलाही पहिल्यांदा सांडलंच होतं.

विजय: थांबा सगळे. ऐकून ऐकून कंटाळा आला. मी करतो.

नीलेश: काय करता बाबा?

विजय: टाकी. मी नोकरीभर महापालिकेच्या जलनिस्सारण विभागात होतो हे विसरलात का? पावसाळ्यात मॅनहोलमध्ये उतरलेला माणूस आहे मी. हातमोजे आणि पाइप, एवढंच ना? विनयरावांनी या वेळी मॅनटी बघावी.

शोभा: दादा, अजिबात नाही. पंचाहत्तरीचा माणूस!

सायली: बाबा, प्लीज नको. लोक काय म्हणतील, दोन मुलगे उभे आणि...

नीलेश: बाबा, तुम्ही नाही हां. मी करतो. विषय संपला.

शंतनू: काका, मी पण आहे नीलेशबरोबर. एकाने पाइप, एकाने व्हॉल्व्ह.

विनय: बघा. मी विचारत होतो तेव्हा रिलीज चालू होतं.

नीलेश: विनय, आता तरी.

विनय: नाही नाही, आभार मानतोय. मनापासून. शीटमध्ये तुमच्या दोघांच्या नावापुढे लिहून टाकलं आहे, रकाना लॉक केलाय.

शंतनू: लॉक??

अनघा: मी पण आता दोन्ही जागा पक्क्या केल्या. विमानाची तिकिटं आपापली. शंतनू, तू ह्यूस्टनहून ऑर्लँडोला थेट ये, गाडीने मायामीला वगैरे जाऊ नकोस.

शंतनू: येतो. पण पुढच्या वर्षी अरान्सास. हे लिहून ठेवा. १९४१ साली जेमतेम वीस-एकवीस होते...

सायली: शंतनू, झोप आता.

विजय: मी मात्र डम्प स्टेशनला येऊन उभा राहणार. पोरं व्हॉल्व्ह उलटा फिरवतील.