मदत हवी आहे : सेन्सरला वणवा आणि भाजावळ (भाताच्या रोपांसाठी जमीन भाजणं) यातला फरक कसा शिकवायचा?

राजापूर तालुक्यात सड्याला (कातळाच्या पठाराला) लागून आमची काजूची बाग, खाली देवराई. मार्चमध्ये सुक्या गवतातून वणवा अर्ध्या तासात बांधावर येतो. देवराईत खवले मांजराची बिळं आहेत, त्यामुळे नुसती बाग वाचवून भागत नाही.

गेल्या हंगामात चार खांबांवर ईएसपी३२ (छोटा कंट्रोलर बोर्ड), एमक्यू-२ धूर सेन्सर आणि ८६५ मेगाहर्ट्झचं लोरा मॉड्यूल (कमी विजेत लांबवर संदेश पाठवणारा रेडिओ) लावलं. सड्यावर मोबाइलला रेंज नाही, पण लोराचा संदेश घरापर्यंत नीट येतो. ती बाजू सोडा.

एमक्यू-२ चा हीटर सतत १५० मिलिअँपिअरच्या आसपास खातो, १८६५० चा लिथियम सेल रात्रीतच बसतो. सोलर पॅनल वानरांनी उपटलं. त्यात भाजावळ सुरू झाली की भोंगा थांबतच नाही. एका सकाळी सात वेळा धावलो. सातव्यांदा शेजारच्या काकू तरवा भाजत होत्या, त्यांनी हसत चहा दिला. थ्रेशोल्ड (किती धुरावर भोंगा वाजावा ती मर्यादा) वाढवला, तर खरा वणवा बांधावर आल्यावरच कळला. तापमानाचा सेन्सर दुपारी तापलेल्या कातळालाच आग समजतो.

उपग्रहाचे अलर्ट बघतो, पण व्हीआयआयआरएस या उपग्रहावरच्या सेन्सरचा ठिपका ३७५ मीटरचा, आणि उपग्रह दिवसातून मोजक्याच वेळा वरून जातो. २५० ग्रॅमच्या आतला ड्रोन आहे, थर्मल कॅमेरा नाही. फक्त खात्री करायला उडवतो.

खांबामागे दोन हजारांच्या वर जमणार नाही. कार्बन मोनॉक्साइड आणि सूक्ष्म कण एकत्र मोजणारी जोडणी कुणी खाऱ्या, दमट हवेत चालवली आहे का? आणि भाजावळीचा धूर त्यातून खरंच वेगळा काढता येतो का?