गॅसवाल्या वकिलाने संघटनेची वर्गणी पुन्हा भरावी का?

पाइपलाइनवाली
नमस्कार मंडळी. मी अमेरिकेत गेली चौदा वर्षं नैसर्गिक वायूच्या पाइपलाइनच्या दरांची प्रकरणं बघते. आमच्या ऊर्जा-वकिलांच्या संघटनेचं, एनर्जी बार असोसिएशनचं, सभासदत्व या महिन्यात संपतंय आणि पहिल्यांदाच माझा हात अडलाय.

झालं असं, की गेल्या वर्षी एका सौर प्रकल्पाचा ग्रिडला जोडणी मागणारा अर्ज माझ्याकडे आला. अशिलाचे जमिनीचे करार सत्तर टक्केच झाले होते. पूर्वी जमिनीच्या कागदांऐवजी ठेव भरली तरी चालायचं, म्हणून मी निर्धास्त. पण केंद्रीय ऊर्जा नियामक कमिशनच्या जुलै २०२३ मधल्या आदेशाने, म्हणजे 'ऑर्डर २०२३' ने, ती वाट जवळजवळ बंद केली होती. आता अर्ज करतानाच नव्वद टक्के जागेवरचा हक्क दाखवावा लागतो. अर्ज अपुरा ठरला आणि त्या खेपेला एकत्र तपासल्या जाणाऱ्या अर्जांच्या गटातली (अभ्यासगटातली) जागा हुकली. अशील एक शब्द बोलला नाही, त्याचंच जास्त लागलं.

नंतर कळलं, संघटनेत या ऑर्डरवर अख्खं सत्र झालं होतं. पण ते वीज समितीचं, आणि निरोप फक्त वीजवाल्यांना. मी गॅस समितीत.

नावात 'एनर्जी' आहे, पण आत भिंती जुन्याच. अशा संघटनेत राहून माझ्यासारखीने काय करायचं? मनापासून विचारतेय.

जुना_सभासद
ताई, चूक जिव्हारी लागली हे समजतं. तरी वर्गणी भरा असंच सांगेन.

वॉशिंग्टनमधली एनर्जी बार असोसिएशन १९४६ मध्ये सुरू झाली ती फेडरल पॉवर बार असोसिएशन म्हणून. १९७७ मध्ये जुनं पॉवर कमिशन जाऊन एनर्जी रेग्युलेटरी कमिशन आलं, तसं संघटनेच्या नावातलं 'पॉवर' जाऊन 'एनर्जी' आलं. पुढे 'फेडरल'ही गेलं. म्हणजे धंदा सरकला की वकील मागोमाग सरकतात, फक्त उशिरा.

दुसरं म्हणजे, तुम्ही समजता तितक्या तुम्ही परक्या नाही. तुमच्या १९३८ च्या गॅस कायद्याचं कलम ४ आणि ५ घ्या, शेजारी वीज कायद्याचं २०५ आणि २०६ ठेवा. रचना तीच, 'न्याय्य आणि वाजवी' दराची कसोटीही तीच. करारातला दर कधी बदलता येतो, या प्रश्नावरचे दोन खटले घ्या: मोबिल हा गॅसचा, सिएरा विजेचा. सुप्रीम कोर्टाने दोन्हींचा निकाल २७ फेब्रुवारी १९५६ या एकाच दिवशी दिला, आणि आज आपण ते एका दमात 'मोबिल-सिएरा' म्हणतो. वेगळ्या समित्या आपण केल्या, कायद्याने नाही.

फेब्रुवारी २०२१ मधलं टेक्सास आठवा. थंडीत गॅस कमी पडला म्हणून वीजकेंद्रं बंद, आणि वीज गेली म्हणून गॅस पाइपांतून ढकलणारे कॉम्प्रेसर बंद. त्या प्रकरणात गॅस समितीचा वकील कुठे संपतो आणि वीज समितीचा कुठे सुरू होतो, सांगा बघू? समित्या विषयावर बांधायला हव्यात, इंधनावर नव्हे. आणि हे आतून भांडूनच होतं.

सातबारा_शोधणारा
मी खनिज हक्कांचे जुने दस्त तपासतो. आमची खनिज कायद्याची संस्था, रॉकी माउंटन मिनरल लॉ फाउंडेशन, १९५५ ची. २०२२ मध्ये नावातलं 'मिनरल' गेलं तेव्हा मला खरंच वाईट वाटलं होतं. मग कार्बन जमिनीत साठवण्याची कामं यायला लागली.

दस्तात लिहिलेलं असतं, 'सर्व तेल, वायू व इतर खनिजं विक्रेत्याने राखून ठेवली.' आता खडकातली सूक्ष्म पोकळी कोणाची? ती खनिज नाही, ती रिकामी जागा आहे. वायोमिंगने २००८ मध्येच ती वरच्या जमीनमालकाची म्हणून ठरवून टाकली, पण सगळीकडे इतकं स्पष्ट नाही. असा दस्त ओळीओळीने वाचायला आमच्यासारखेच जुने लोक लागतात. नाव बदलल्यामुळेच हे काम आमच्या टेबलावर आलं, असं आता वाटतं.

नवी_वकील
ताई, कृपया सोडू नका. वीजवाहिन्या इतरांनाही वापरायला खुल्या करणारी ऑर्डर ८८८ आली १९९६ मध्ये, माझ्या जन्माआधी. बॅटरी साठवण, अभ्यासगट, जोडणीची रांग हे मला येतं. पण संदिग्ध कायद्याचा सरकारी संस्थेने लावलेला वाजवी अर्थ कोर्टाने मानावा, हा 'शेव्हरॉन' खटल्यातला नियम जून २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने मोडीत काढल्यापासून कमिशनच्या अर्थाला आपोआप मान मिळत नाही, मूळ कलमावरून वाद घालावा लागतो. ते मला कोणी शिकवलेलं नाही. तुम्ही कलम ४ शिकवा, मी तुम्हाला ऑर्डर २०२३ चा प्रत्येक टप्पा समजावते.

पाइपलाइनवाली
सर्वांचे आभार. वर्गणी आज भरली. अध्यक्षांना पत्रही लिहिलं, दोन मागण्यांचं: प्रत्येक ऑर्डरची सूचना सगळ्या समित्यांना जावी, आणि गॅस-वीज अशी एक संयुक्त समिती व्हावी. पहिली तर उद्यापासून होऊ शकते.

नवी_वकील, मंगळवारी संध्याकाळी वेळ आहे का? जागेच्या हक्कापासूनच सुरू करू. तो अर्ज मी समोर ठेवते, नाव-गाव झाकून.