उल्लुंगदोच्या त्सुगाला वेगळी जात करायची गरज होती का?

डोंगरभटक्या: दक्षिण जपानात त्सुगा सीबोल्डी नावाचं झाड आहे, त्सुगा म्हणजे इंग्रजीत हेमलॉक, पण हेमलॉक म्हटलं की लगेच सॉक्रेटिसचं विष काढू नका, ते वेगळं रोपटं, हे पाइनच्या कुळातलं. कोरियाच्या उल्लुंगदो बेटावरच्या झाडांनाही इतकी वर्षं सीबोल्डीच म्हणायचे आणि २०१७ ला ती एकदम त्सुगा उल्लुंगेन्सिस! झाडाखाली उभं राहून फरक कळत नसेल तर जात कसली वेगळी?

पानगळ: चेहरा बघून सोयरीक ठरवायची का मग? डीएनए बघितला तर बेटावरचं झाड सीबोल्डीपेक्षा जपानच्या दुसऱ्या त्सुगाला, डायव्हर्सिफोलियाला जवळचं निघालं. चुलत्याच्या पोराला सख्खा भाऊ म्हणत होतो इतके दिवस.

भिंगवाली: आणि जपानातल्या दोघी तरी लांबून कुठं ओळखू येतात? डायव्हर्सिफोलियाच्या कोवळ्या डहाळीवर लव असते, सीबोल्डीची गुळगुळीत. डायव्हर्सिफोलिया उंचावर, सीबोल्डी खाली. बारकी पानं म्हणून जपानी लोक उंचावरचीला कोमेत्सुगा म्हणतात, कोमे म्हणजे तांदूळ, किती गोड ना.

डोंगरभटक्या: लव भिंगातून दिसते हो, डीएनए कशातून बघू? आधीच नावांचा काय कमी घोळ आहे, १८४२ मध्ये सीबोल्ड आणि झुकारिनी या वनस्पतिशास्त्रज्ञांनी सीबोल्डीचं नाव अबिएस त्सुगा ठेवलं, १८५५ मध्ये कॅरिएरनी ते त्सुगा सीबोल्डी केलं. प्राण्यांत गोरिला गोरिला असं तेच नाव दोनदा चालतं पण वनस्पतींत त्सुगा त्सुगा चालत नाही म्हणे.

पानगळ: घोळ म्हणून सोडून द्यायचं का? अमेरिकेच्या पूर्वेकडचे हेमलॉक एक कापसासारखी पांढरी कीड मारतेय, माव्याच्या नात्यातली, व्हर्जिनियात १९५१ पासून नोंद आहे. ती दक्षिण जपानातल्या सीबोल्डीवरनं आलीय हे डीएनएनंच कळलं, मग तिला खाणारे भुंगेही तिथूनच आणले.

डोंगरभटक्या: तो किडीचा डीएनए झाला राव, झाडाचा कुठं?

पानगळ: अहो पण जपानात सीबोल्डीवरच्या किडीचा वंश वेगळा आणि डायव्हर्सिफोलियावरचा वेगळा. किडीला बरोबर कळतंय कुठलं झाड कुठलं, भिंग नाही की लॅब नाही.

डोंगरभटक्या: बरं, जपानातल्या दोन मान्य. बेटावरचीचं मात्र अजून पटलेलं नाही, तिथल्या किडीला विचारून सांगा.

भिंगवाली: 😄